कंपनीच्या बाजूने रतिलालभाऊ

एक कागद वकिलाकडून वाचून घ्यायचा, सही करावी की नाही ते विचारायचं आणि येताना भाजी आणायची, एवढंच काम होतं. भाजी मी आणली. बाकीच्या कामाला सहा दिवस, एक वकील, विसरवाडीहून दोन एस.ट्या बदलून आलेले मामा, चार किलो बट्टीचं पीठ आणि माझी उरलीसुरली अब्रू लागली.

आधी कागद कसला होता ते सांगते, कारण त्याबद्दल आमच्या कॉलनीत इतक्या गोष्टी पसरल्या आहेत की खरी गोष्ट आता बहुतेक मलाच माहीत आहे. सुरतेची एक कंपनी आहे. तिला कोणी एक मोठी कंपनी काम देते आणि ती ते काम आमच्यासारख्या घरबसल्या लोकांना वाटून देते. काम असं, की फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारी जी यंत्रातली बाई असते, तिला अहिराणी शिकवायची. इंग्रजी वाक्यं यायची, ती मी अहिराणीत लिहायची आणि माझ्याच आवाजात बोलून पाठवायची. शाळेत 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं म्हणून मी एक अख्खा तास बाकावर उभी राहिलेली आहे. पुढे एम.ए. मराठी होईपर्यंत मी ते 'शे' इतकं घासून काढलं, की आता नेमकं तेच मागायला माणसं आली तेव्हा माझ्याकडे ते धड शिल्लक नव्हतं.

शिल्लक होतं ते माझ्या सासूबाईंकडे. फुलीबाई त्यांचं नाव. मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, वाक्याचा अर्थ सांगायची आणि त्या लसूण सोलता सोलता उत्तर द्यायच्या. 'आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी पासवर्ड म्हणजे काय ते नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या, "तुन्ही खूनगाठ तुन्हापाशीच ठेव." मी तेच पाठवलं. कंपनीतली किंजल नावाची मुलगी फोनवर म्हणाली की, निशाबेन, ऐसा तो किसी ने नहीं भेजा. मी म्हटलं, थँक्यू. सासूबाईंचं नाव सांगायचं त्या क्षणी काही सुचलं नाही. पुढेही सुचलं नाही.

नमुन्याची दोनशे वाक्यं आवडल्यावर कंपनीने कायमच्या कामासाठी करार पाठवला. फ्रीलान्स सबकॉन्ट्रॅक्टर अ‍ॅग्रीमेंट, पानं तेवीस, अक्षर मुंगीएवढं, मुदत सोमवारपर्यंत. माझ्या नावाने आलेला हा आयुष्यातला पहिला जाड कागद. रेशनकार्डावर मी पत्नी आहे, शाळेच्या दाखल्यावर आई आहे, सोसायटीच्या वहीत मी 'वरचे अजितभाऊंकडचे' आहे. ह्या तेवीस पानांवर मात्र पहिल्याच ओळीत माझं पूर्ण नाव होतं आणि मी कोणाचीही कोणी नव्हते. हे काम मला हवं होतं. इतकं हवं होतं की न वाचता सही करायची मला भीती वाटत होती.

अजितचं म्हणणं, सही कर आणि मोकळी हो. अजित माझा नवरा, गावाबाहेरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मी रुजू झालो तेव्हा काय वाचलं होतं, असा त्याचा सवाल. त्याने खरंच काही वाचलं नव्हतं, म्हणून तर पहिली चार वर्षं त्याच्या सेवापुस्तकात 'माळी' असं पद लिहिलेलं होतं आणि ते खोडायला त्याला आणखी तीन वर्षं लागली. मी ही आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला, माळ्याचं काय वाईट झालं, बाग तर कोणी करायला लावली नाही. ह्या माणसाशी कराराविषयी बोलण्यात अर्थ नव्हता.

म्हणून मी खाली अनोखीकाकूंकडे गेले. अनोखीबाई मूळ राजस्थानकडच्या, पण शहाद्यात कापडाचं दुकान सांभाळून पस्तीस वर्षं झालेल्या. गावातला कोणता डॉक्टर कोणत्या दुखण्याला आणि कोणता वकील कोणत्या भांडणाला, हे त्यांना पाठ असतं. काकूंना काम काय ते सांगायचं नव्हतं, कारण त्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत बसस्टँडपर्यंत जाते. मी नुसतं म्हटलं, एक खाजगी कागद आहे, चांगला वकील हवाय. काकूंनी हातातला कापडाचा तागा खाली ठेवला. आवाज उतरवून विचारलं, अजितभाऊंना माहीत आहे का? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, माहीत आहे, पण त्यांच्याशी बोलून उपयोग नाही काकू, ते म्हणतात मुकाट्याने सही कर.

काकूंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, बाईला माझ्या कामाबद्दल किती कळकळ आहे. मग त्यांनी आपल्या पुतण्याचा, श्रेणिक वकिलांचा, नंबर दिला.

श्रेणिक वकील तरुण आणि नम्र होते. त्यांचं टेबल कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या सावलीत, आणि सावली सरकेल तसं टेबलही सरकत असे. सकाळी एका जागी सांगितलेलं काम दुपारी विचारायला गेलं तर आधी वकील शोधावे लागत. त्यांची आजवरची सगळी वकिली शेतजमिनीच्या वाटण्यांत गेलेली. मी तेवीस पानं पुढे ठेवली तेव्हा त्यांनी विचारलं, नोटीस द्यायची आहे, की स्टे घ्यायचाय, की नोंदवायचंय? मी म्हटलं, वाचायचंय. वाचून सांगायचं, सही करू की नको. त्यांनी शेजारच्या वकिलाकडे पाहिलं, शेजारच्याने त्याच्या शेजारच्याकडे पाहिलं. नुसतं वाचून घ्यायला आलेला पक्षकार त्या आवारात पूर्वी कोणी पाहिला नसावा. भांडण झाल्याशिवाय कागद वाचायचा म्हणजे ताप नसताना गोळी घेण्यासारखं, असं त्यातले एक वयस्कर वकील म्हणाले. मग श्रेणिक वकिलांनी समजूतदारपणे मला सांगितलं की कागद ठेवून जा, आणि पुढच्या वेळी साहेबांना सोबत आणा.

साहेबांना न आणता मी दोन दिवसांनी गेले. वकील आत कोर्टात होते. बाहेर एक लांब बाकडं होतं, त्यावर बसले. मला सर्दी झालेली होती, त्यामुळे हातात रुमाल आणि डोळ्यांना पाणी. बाकड्यावर बाकीच्याही बायकाच होत्या. एकीने काही न विचारता सरकून मला जागा दिली, दुसरीने पाण्याची बाटली पुढे केली. तिसरी म्हणाली, पहिल्यांदा आलीस ना, होतं असं. ते बाकडं नवरा-बायकोच्या खटल्यांचं होतं हे मला नंतर कळलं. दीड तास मी तिथे नाक पुसत बसले आणि त्या दीड तासात ओळखीची किती माणसं समोरून गेली ते मोजायची आता हिंमत नाही. त्यातल्या तिघांनी मला नमस्कार केला नाही, एवढं मात्र लक्षात आलं होतं.

श्रेणिक वकिलांनी माणूस म्हणून मेहनत घेतली होती हे नाकबूल करून चालणार नाही. तेवीस पानांवर प्रत्येकी एक गोल शिक्का मारलेला होता. सगळं ठीक आहे ताई, म्हणाले, दोनच उणिवा आहेत. एक म्हणजे कागदात चतुःसीमा नाहीत. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, रस्ता कुठून, काहीच लिहिलेलं नाही, उद्या वाद झाला तर मोजणी कशी करणार? आणि दुसरं, वारसांची ना-हरकत जोडलेली नाही. मी म्हटलं, ही जमीन नाही, आवाज आहे. त्यांनी पहिलं पान पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाले, तरीपण टाकून ठेवू, नुकसान काही नाही.

त्यांनी एक मराठी मसुदाही करून ठेवला होता, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करायला तयार. त्यात लिहून घेणार म्हणून कंपनी होती आणि लिहून देणार म्हणून मी. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'वय अडतीस, धंदा घरकाम'. मी तीनदा वाचलं. ज्या कागदात माझ्या कामाशिवाय दुसरा विषयच नाही, त्या कागदात माझा धंदा घरकाम. मी म्हटलं, हे बदला. ते म्हणाले, बायकांच्या बाबतीत टायपिस्टच्या मशीनमध्ये ते आधीच भरलेलं असतं. मी फाइल उचलली, वांगी घेतली आणि घरी आले. मला रडू येत होतं, पण सर्दीमुळे ते कोणाला वेगळं दिसलं नसतं.

घरात दोन दिवसांपासून काहीतरी बिघडलेलं होतं. अजित स्वतःचे कपडे स्वतः घडी करायला लागला होता. शुक्रवारी त्याने चहा केला आणि कप माझ्यापुढे ठेवून समोर उभा राहिला, परीक्षेच्या निकालाला उभं राहतात तसा. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. सासूबाईंनी तर बोलणंच टाकलं होतं. वही घेऊन दारात गेले की त्या दुसऱ्या खोलीत जायच्या. सोमवारी कराराची मुदत, नमुन्यातली दुरुस्तीला परत आलेली वाक्यं अडकलेली आणि घरातलं माणूस शब्द द्यायला तयार नाही. मी मनाशी म्हटलं, वयोमान.

शनिवारी संध्याकाळी तळोद्याहून रतिलालभाऊंचा फोन आला. रतिलालभाऊ माझे चुलतभाऊ, माहेरकडचं कोणतंही अवघड काम आलं की तेच पुढे असतात. म्हणाले, उद्या सकाळी येतो, तू घाबरू नको, कोणत्याही कागदावर सही करू नको, तुझ्या मागे आम्ही आहोत. सहीचं ह्यांना कसं कळलं, म्हणून मी विचारायला गेले, तेव्हा सगळा उलगडा झाला. म्हणे, मी नवरा सोडते आहे. अनोखीकाकूंनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी विसरवाडीला आपल्या थोरल्या भावाला, चुडामणमामांना, फोन केला, आणि मामांनी उद्याची बैठक ठरवली. अजितला ही बातमी कॉलेजात शिपायाकडून कळली होती. मी भाऊंना म्हटलं, असं काहीही नाही. ते प्रेमाने म्हणाले, पहिल्यांदा सगळ्याच नाही म्हणतात.

नाही म्हणणं हा आमच्याकडे सर्वांत भक्कम पुरावा आहे, त्यामुळे मी गप्प बसले आणि बट्टीचं पीठ भिजवलं.

रविवारी दहा वाजता हॉलमध्ये सतरंजी पसरली गेली. भिंतीला टेकून मामा बसले. चुडामणमामा सत्तरीच्या पुढचे, चारशेवर लग्नांच्या याद्या त्यांच्या हातच्या. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं बसून कोणी काय करायचं, काय द्यायचं, किती माणसं आणायची ते कागदावर लिहितात, ती यादी. आणि लग्न मोडायला आलं की तीच यादी काढून पुन्हा बसतात. दोन्ही वेळा मामाच लागतात. एका बाजूला रतिलालभाऊ, दुसऱ्या बाजूला अजित, मान खाली घालून. सासूबाई स्वयंपाकघरात, पण दार उघडं.

"पोरी, जे शे ते सांग," मामा म्हणाले. "आठे कोन्ही परकं नही."

मी फाइल आणून सतरंजीच्या मधोमध ठेवली. मामांनी पानं चाळली आणि चष्मा काढला. फारकत आजकाल इंग्रजीत देतात का, असं त्यांनी अजितला विचारलं. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं: सुरत, यंत्रातली बाई, तेवीस पानं, वकील, बाकडं, सर्दी. सांगून झाल्यावर अजितने डोळे पुसले. सोळा वर्षांत हा माणूस माझ्यासाठी रडलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि तोही गैरसमजातून. तरी बरं वाटलं, ते लपवत नाही.

मामांना मात्र बरं वाटलेलं दिसत नव्हतं. पहाटे उठून, नंदुरबारला गाडी बदलून ते एक संसार वाचवायला आले होते आणि संसार जागच्या जागी होता. शिवाय बैठकीचा म्हणून एक नेम असतो. बसलेली बैठक काही मिटवल्याशिवाय उठत नाही. उठली तर पुढच्या वेळी तिला कोणी येत नाही. आत बट्ट्या वाफेला लागल्या होत्या, त्यांनाही अजून तास होता.

"बैठक बठनी शे," मामा म्हणाले. "आशीच उठाव नही. वाच तुन्हा कागद."

मी म्हटलं, वकिलांनी वाचलाय. ते म्हणाले, आम्ही वाचत नसतो, आम्ही ऐकतो. मग विचारलं, समोरच्या बाजूने कोण आलंय? मी म्हटलं, कोणी नाही, कंपनी सुरतेला आहे. तसं चालत नाही, म्हणाले. समोरचं माणूस नसलं तर त्याच्या वतीने कोणीतरी बसावंच लागतं, नाहीतर बोलणं एकतर्फी होतं. माझ्या माहेरची बाजू सांभाळायला आलेले रतिलालभाऊ आता बिनकामाचे झालेच होते. मामांनी त्यांना बोट दाखवून समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि कंपनी केलं.

रतिलालभाऊंनी टोपी सारखी केली, पायावर पाय टाकला आणि त्या क्षणापासून मला ओळखेनासे झाले.

मी एकेक कलम अहिराणीत सांगू लागले. गंमत म्हणजे, इंग्रजीत चार वेळा वाचून जे मला नीट कळलं नव्हतं, ते अहिराणीत तोंडातून बाहेर पडताच उघडं पडायला लागलं. सहाव्या कलमात होतं की कंपनी कधीही, कारण न देता, एका ई-मेलवर काम काढून घेऊ शकते. मला मात्र दोन वर्षं काम सोडता येणार नाही.

"त्या आपली पोर कधीबी सोडू शकतस," मामा सावकाश म्हणाले, "आनि पोर त्यासले सोडू शकस नही?"

"आमन्हा घरना तोच रिवाज शे," रतिलालभाऊ म्हणाले.

"मंग तुन्हा घर पोर देवानी नही."

भाऊ चिडले. आमची कंपनी मोठी आहे, म्हणाले, आमच्याकडे पोरींची रांग लागलेली आहे. कंपनी होऊन त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती. अजित मध्ये काही बोलायला गेला तर मामांनी त्याला, नवऱ्या मुलाने बैठकीत बोलायचं नसतं म्हणून गप्प केलं. मला हसू येत होतं, पण मनातून मी हादरले होते. हे कलम मी वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते. सोडून जायची मला गरज काय पडणार आहे, असं मला वाटलं होतं.

पुढे होतं की कामाच्या काळात आणि त्यानंतर दोन वर्षं मी सबंध विश्वात कुठेही, कोणासाठीही अहिराणीचं काम करायचं नाही. मामांनी विश्वाचा अर्थ दोनदा विचारून घेतला. धुळ्याच्या पुढे अहिराणी कोण बोलतं, असं त्यांनी कंपनीला विचारलं. उद्या बोलतील, कंपनी लांबचं बघते, असं रतिलालभाऊंनी उत्तर दिलं. ह्यावर पाऊण तास गेला. शेवटी विश्वाचं महाराष्ट्र आणि गुजरात झालं, आणि तेही कामाच्या काळापुरतं. सोडण्याला दोन्हीकडून एक महिन्याची सूचना ठरली. भांडण झालं तर पोरीने सुरतेला हेलपाटे घालायचे नाहीत, फोनवर मिटवायचं, हेही ठरलं. रतिलालभाऊ तर इतके उदार झाले होते, की आमचा माणूस गाडी घेऊन शहाद्याला येईल, असंही लिहून द्यायला निघाले होते. मी म्हटलं, भाऊ, असं तुम्हाला कबूल करता येणार नाही. ते म्हणाले, का बरं, मी कंपनी आहे ना?

चौदावं कलम आलं. ते मी घाईघाईने वाचून पुढे जाणार होते, हे कबूल करते. पण मामांच्या कानातून काही सुटत नाही. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. त्यात लिहिलं होतं की हे सगळं काम एकट्या माझं आहे, त्यात दुसऱ्या कोणाचाही हात नाही, आणि असल्यास त्या माणसाशी मी वेगळा लेखी करार केलेला आहे.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सासूबाई दारात आल्या. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पीठ लागलेलं.

"मंग मी कोन शे?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आत्याबाई, तुम्ही तर घरच्याच. आणि म्हणता म्हणताच मला ऐकू आलं की मी काय बोलते आहे. वकिलाच्या टायपिस्टवर मी तीन दिवस जळफळत होते. मला फार लाज वाटली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रतिलालभाऊंच्या शेजारी एक रिकामा स्टूल होता, त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "निशा, तू तठे बठ."

मी उठून कंपनीच्या बाजूला जाऊन बसले. रतिलालभाऊंनी मला जागा करून दिली आणि हळूच कानात सांगितलं, लवकर कबूल होऊ नको.

मामांनी वहीचं कोरं पान काढलं आणि बहिणीला म्हणाले, "फुली, तुन्ही यादी सांग. मी लिखस."

सासूबाई दारातच खाली बसल्या. थोडा वेळ हाताचं पीठ काढत राहिल्या.

"मन्ही यादी पहिले बी तूच लिखेल व्हती ना, भाऊ?"

"हो. मन्हं अक्षर बरं व्हतं."

"काय व्हतं त्यामा?"

मामा आठवू लागले. भांडी होती, म्हणाले. पंचा, टोपी, एक सायकल. वऱ्हाडाची दोन जेवणं. जावयाला अंगठी.

"आन् मन्हं काय व्हतं?"

मामांनी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. त्यांच्यासारख्या माणसाला ते आठवत नव्हतं असं मला वाटत नाही. आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

वाट्याला थोडे पैसे मागा, असं रतिलालभाऊंनी बसल्या जागेवरून सुचवून पाहिलं, कारण आता त्यांना दोन्हीकडून बोलावंसं वाटत होतं. सासूबाईंनी मान हलवली. पैसे निशा देईल, ती देणारी आहे, म्हणाल्या. हे ऐकून मला आणखीच खाली बघावं लागलं. मग त्या म्हणाल्या,

"मी सबद सांगसू. पन ज्या रोज मन्हा जीव व्हवाव नही, त्या रोज मी नही म्हनसू. आन् काबरं नही, आसं मले कोन्ही इचारानं नही."

"बस?" मामांनी विचारलं.

"बस."

मामांनी ते एकच कलम लिहिलं. काम अडलं तर कंपनीचं नुकसान कोण भरून देणार, असं रतिलालभाऊ म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आता जोर नव्हता. मामांनी त्यांना सांगितलं की कंपनीने खाली बसून बट्टी खावी. खाली मी सही केली, सासूबाईंनी अजितकडून पेन घेऊन एकेक अक्षर जोडत 'फुलीबाई' लिहिलं. जेवताना अजितने आईला वाढलं. त्या दोनदा उठायला गेल्या, दोन्ही वेळा त्याने बसवलं. तिसऱ्यांदा त्या उठल्याच, कारण तो वरण सांडत होता.

सोमवारी मी किंजलला तीन बदल आणि त्या पानाचं इंग्रजी करून पाठवलं. तिचा फोन आला, आवाज एकदम अदबीचा. त्यांच्या कायदा विभागाने विचारलं होतं की तुमच्या बाजूने कोणती लॉ फर्म बसली आहे. मी म्हटलं, विसरवाडीची. दोन दिवसांनी करार बदलून आला. महिन्याची सूचना मान्य, विश्व रद्द, भांडण फोनवर, आणि सासूबाईंचं पान जोडपत्र म्हणून शेवटी लावलेलं. मी अजितलाही न विचारता सही केली. श्रेणिक वकिलांनी शिक्के मारलेली जुनी प्रत मी जपून ठेवली आहे, कारण तेवढी सुंदर मेहनत टाकवत नाही. कॉलनीत अजूनही असंच मानतात की मामांनी आमचं जुळवून दिलं. मी खुलासा करायचं सोडलं आहे.

पुढच्या मंगळवारी नव्या करारातली पहिली चाळीस वाक्यं आली, संध्याकाळी पाचच्या मुदतीने. सकाळची कामं आटोपून मी वही घेऊन गेले. सासूबाई खाली दारापुढच्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. पुढ्यात लसूण नव्हता, निवडायला काही नव्हतं, हात नुसते मांडीवर.

"आज नही," त्या म्हणाल्या.

का, हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. गुडघे दुखतायत का, माझं काही चुकलं का, की मुदत पाचची आहे हे माहीत नाही. सगळं गिळलं आणि म्हटलं, "बरं."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्या 'बरं'च्या मागून आणखी काही येतंय का, याची त्या वाट बघत होत्या. काही आलं नाही. मग त्यांनी पाय लांब केले, पदर डोक्यावरून मागे सरकवला आणि रस्त्याकडे बघत बसल्या. दुपारच्या चहापर्यंत त्या तिथेच होत्या. चहा कॉलेजातून लवकर आलेल्या अजितने नेऊन दिला, आणि त्यानेही काही विचारलं नाही.

मी किंजलला कळवलं की आज काम येणार नाही. लगेच तिचा फोन आला, क्या हुआ निशाबेन, कारण काय. खरं तेच सांगितलं. मला माहीत नाही, म्हटलं.